परमुलखातील पान : काय राखावे, काय सोडावे

एप्रिल उजाडला की आमच्या नाशिकमधील दवाखान्यात एक ठरावीक वर्दळ सुरू होते. कोणी न्यू जर्सीला लेकीकडे निघालेले असतात, कोणी लंडनला मुलाकडे, तर कोणी सिडनी, दुबई किंवा म्युनिकला. सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून घ्यायच्या असतात, विम्यासाठी प्रकृतीचा दाखला हवा असतो. थंडीचे कपडे, व्हिसा, विमानतळावरील चाकांची खुर्ची या साऱ्यांचा बारकाईने विचार झालेला असतो. जेवणाविषयी विचारले की मात्र उत्तर ठरलेले असते : ‘‘त्याचे काय डॉक्टर, पोरीचेच तर घर आहे. शिवाय डबे भरून नेतोच आहोत.’’

हीच मंडळी दिवाळीच्या सुमारास परत येतात, तेव्हा त्यांना वजनकाट्यावर उभे केले की निराळीच हकीकत समजते. कोणाचे वजन चार-पाच किलोंनी उतरलेले असते, कोणाचे तितकेच वाढलेले. कोणाच्या पायांवर सूज असते आणि रक्तदाब चढलेला असतो. बद्धकोष्ठतेची तक्रार तर जवळजवळ प्रत्येकाची. मधुमेह असलेल्यांपैकी काहींना तेथे एखाद्या संध्याकाळी दरदरून घाम फुटलेला असतो, भोवळ आलेली असते आणि ‘प्रवासाचा शीण असेल’ म्हणून ती गोष्ट मुलांनाही सांगितलेली नसते.

याचा अर्थ परदेशातील अन्न वाईट असते असा मुळीच नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की, पानातील पदार्थ बदलल्याने ज्येष्ठांचे फारसे बिघडत नाही. पानाची चौकट मोडली की बिघडते. चौकट म्हणजे जेवणाची वेळ, त्या वेळेशी बांधलेले औषध, पोटभर प्रमाण आणि सोबतीला कोणीतरी असणे. ही चौकट निश्चयाने राखावी. पदार्थांच्या बाबतीत मात्र मन मोकळे ठेवावे. प्रत्यक्षात बहुतेक घरांत नेमके उलटे घडते. मेतकूट आणि पापड जिवापाड जपले जातात, आणि वेळ, औषध व प्रमाण यांच्याकडे दुर्लक्ष होते.

प्रश्न जुनाच आहे

परमुलखात काय खावे, हा प्रश्न आपल्याकडे आजचा नाही. १८८३ साली अवघ्या अठराव्या वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात आणि पुढे फिलाडेल्फियाला राहताना त्यांनी आपला शाकाहार आणि साडी सोडली नाही. १८८६ साली त्या पदवीधर डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या आजाराचा दोष केवळ आहाराला देणे वैद्यकीयदृष्ट्या योग्य होणार नाही. परंतु कडक थंडी, अभ्यासाचा ताण आणि परके स्वयंपाकघर यांच्याशी एकाच वेळी झगडणे किती अवघड असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

त्यानंतर पाच वर्षांनी, १८८८ साली मोहनदास गांधी लंडनला पोचले. आईला दिलेल्या वचनामुळे मांस वर्ज्य होते. आत्मचरित्रात त्यांनी त्या दिवसांचे मोठे प्रांजळ वर्णन केले आहे. यजमानांच्या टेबलावर पावाचे दोन-तीन तुकडे खाऊन झाले की आणखी मागण्याची त्यांना लाज वाटे आणि ते अर्धपोटीच उठत. पुढे हिंडता हिंडता फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले, तेव्हा कोठे त्यांना पोटभर जेवण मिळाले. पाव तेथे होता. आड आला तो संकोच. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर, स्वतःच्या मुलाच्या घरी राहणारे आपले आजी-आजोबा त्याच संकोचाने अर्धपोटी राहतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तिसरे उदाहरण सामूहिक आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाची बहुसंख्य कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलला जाऊन स्थायिक झाली. तेथील रोजचे खाणे त्यांनी स्वीकारले. परंतु शुभप्रसंगी पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे घालून केला जाणारा मलिदा त्यांनी आजही टिकवून ठेवला आहे. रोजचे अन्न त्या भूमीचे आणि सणाचे पान आपले, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

औषध घासाशी बांधलेले आहे

नाशिकमध्ये आपण सकाळी नऊला नाश्ता, दुपारी एकला जेवण, साडेचारला चहा आणि रात्री साडेआठ-नऊला जेवण असा क्रम वर्षानुवर्षे पाळतो. आपल्या गोळ्याही त्या क्रमाला बांधलेल्या असतात. अमेरिकेत रात्रीचे जेवण संध्याकाळी सहा-साडेसहालाच उरकण्याची रीत आहे. जर्मनीत पुष्कळ घरी दुपारचे जेवण गरम आणि संध्याकाळी पाव, चीज, काकडी असे थंड खाणे असते. स्पेनमध्ये रात्री नऊ-दहाच्या आधी कोणी जेवायला बसत नाही. नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांचे वेळापत्रक याहून वेगळे असू शकते. शनिवार-रविवारी तर नाश्ता आणि जेवण एकत्र करून अकरा वाजता पहिले खाणे होते.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या अथवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी येथे अतिशय सावध राहावे. ‘आठ वाजले’ म्हणून गोळी घेतली आणि जेवण दहाला झाले, तर मधल्या दोन तासांत साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. जेवणाआधीचे औषध घड्याळाशी नव्हे, घासाशी बांधलेले आहे, हे ध्यानात ठेवावे. पान वाढल्याखेरीज ती गोळी घेऊ नये.

घाम, थरथर, छातीत धडधड, अचानक भूक, बोलण्यात विसंगती ही साखर उतरल्याची लक्षणे होत. मापकावर आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून किंवा अर्धा पेला फळांचा गोड रस घ्यावा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे वाटल्यावर काही तरी खावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये. त्या देशाच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करावा. परदेशातील घरांत ‘डाएट’ किंवा ‘शुगर फ्री’ शीतपेये पुष्कळदा असतात. त्यांचा अशा वेळी काहीही उपयोग होत नाही.

आणखी एक बाब. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा या देशांत साखर वेगळ्या एककात मोजतात. तेथे मापकावर ५.५ दिसले तर ते आपल्या १०० च्या आसपास असते. तेथील आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. सगळ्यांत बरे म्हणजे आपले मापक आणि त्याच्या पट्ट्या येथूनच न्याव्यात.

विमानप्रवासात तर घड्याळच फिरते. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास, लंडनचे साडेचार तास असते. प्रवासाच्या दिवशी इन्सुलिन किंवा गोळ्या केव्हा व किती घ्यायच्या, हे निघण्याच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. इन्सुलिन हातातील पिशवीतच ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते. पोचल्यावर पहिल्या दिवसापासून तेथील सूर्याप्रमाणे जेवावे. भूक नसली तरी त्या वेळी थोडे खावे, म्हणजे शरीराचे घड्याळ लवकर जुळते.

‘नको’ म्हणण्यातील अडचण

आपल्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचे, यजमानाने आग्रह करायचा आणि तिसऱ्या खेपेला पाहुण्याने ‘बरं, अर्धी वाढा’ म्हणायचे, ही रीत आहे. पाश्चात्त्य देशांत ‘नको’ याचा अर्थ नको असाच घेतला जातो. पुन्हा विचारणे तेथे अप्रशस्त समजतात. तेव्हा तेथील शेजाऱ्यांकडे जेवायला गेल्यावर हवे असेल तर पहिल्यांदाच हो म्हणावे.

ही रीत आपल्या मुलांच्या घरातही नकळत शिरलेली असते. सूनबाई सकाळी विचारतात, ‘‘आई, आणखी टोस्ट हवा का?’’ आई सवयीने ‘नको’ म्हणतात. सूनबाई कामाला निघून जातात आणि आई दुपारपर्यंत उपाशी राहतात. परक्या शेगडीची बटणे समजत नाहीत, फोडणी घातली की धुराची घंटा वाजते, फ्रीजमधील कोणता डबा कशासाठी राखलेला आहे ते ठाऊक नसते. मग बिस्किटे आणि चहा यांवर दिवस निघतो. सहा महिने असे गेले की वजन उतरते, स्नायू झिजतात, चाल डळमळते. ज्येष्ठांच्या बाबतीत पडणे आणि हाड मोडणे यांची सुरुवात पुष्कळदा अशा अर्धपोटी दुपारांतच होते.

तेव्हा आजी-आजोबांनो, पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलांना स्पष्ट सांगावे : मला सकाळी इतके लागते, दुपारी एक वाजता जेवण लागते, चार वाजता काही तरी खायला लागते. हे सांगणे म्हणजे भार होणे नव्हे. उपाशी राहून आजारी पडलात तर तेथील रुग्णालयाचा खर्च आणि मुलांची धावपळ हा भार कितीतरी मोठा असेल.

पाकीट वाचण्याची विद्या

भारतात पाकिटावरील हिरवा ठिपका पाहून आपण निश्चिंत होतो. ती सोय अमेरिकेत नाही. ब्रिटन-युरोपात पुष्कळ पाकिटांवर शाकाहाराचे चिन्ह असते. पण प्रत्येकावर असेलच असे नाही. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दात तेथे अंडी आणि दूध येतात. ‘व्हीगन’ लिहिले असेल तर मांस, मासे, अंडी, दूध यांपैकी काहीच नसते. ज्यांना अंडे चालत नाही त्यांना ही खूण उपयोगी पडते. भाज्यांच्या सूपमध्ये कोंबडीचा किंवा गोमांसाचा रस्सा, डब्यातील शिजवलेल्या घेवड्यात डुकराची चरबी म्हणजे लार्ड, जेलीत आणि काही दह्यांत जिलेटिन, काही चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असू शकते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी मुलांकडून घटकांची यादी एकदा वाचून घ्यावी आणि चालणाऱ्या पाकिटांची रिकामी खोकी जपून ठेवावी. दुकानात तीच दाखवून नवे घेता येते.

प्रकृतीच्या दृष्टीने मात्र पाकिटावरील सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, पुरेसे आहे. त्यात सुमारे २००० मिलिग्रॅम सोडियम असते. डब्यातील सूप, पाव, चीज, लोणची, गोठवलेली तयार जेवणे यांतून ही मर्यादा एका दिवसात सहज ओलांडली जाते, आणि ती जिभेला जाणवतही नाही. अमेरिकेतील पाकिटावर सोडियमपुढे टक्केवारी दिलेली असते. ती ५ किंवा त्याहून कमी असेल तर मीठ कमी, २० किंवा त्याहून अधिक असेल तर जास्त, असे समजावे. मात्र हा आकडा एका वाढपाचा असतो आणि एका डब्यात दोन-तीन वाढपे असू शकतात, हेही पाहावे. ब्रिटनमध्ये सोडियमऐवजी मिठाचे ग्रॅम लिहितात आणि अनेक पाकिटांवर हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात. रक्तदाब, हृदयाची किंवा मूत्रपिंडाची दुर्बलता असलेल्यांनी लाल रंग टाळावा. डब्यातील राजमा, छोले वापरायचे झाल्यास आधी पाण्याखाली चांगले धुवून घ्यावेत. पुष्कळसे मीठ निघून जाते. आणि येथून नेलेले लोणचे-पापड याच हिशेबात धरावेत.

तेथील बाजारातले आपले अन्न

आता पदार्थांविषयी. आपल्या जेवणात काय असते? धान्य, डाळ, भाजी, दही, थोडे तेल. या पाचही गोष्टी जगात सर्वत्र मिळतात. रूप वेगळे असते इतकेच. ज्वारी-बाजरीचे पीठ मोठ्या शहरांतील भारतीय दुकानांत मिळते. नाही मिळाले तर ओट्सची लापशी हा भाकरीला चांगला पर्याय आहे. सकाळी पेठ-सुरगाण्याच्या नागलीची आंबील घेणाऱ्यांना ती सहज रुचते. पाव घेताना तो पूर्ण गव्हाचा आहे ना, हे घटकांच्या यादीतील पहिल्या नावावरून पाहावे. केवळ तपकिरी रंगावर जाऊ नये. मसूर तर युरोप-अमेरिकेतही घरोघरी खातात. पालक सर्वत्र मिळतो. केल, चार्ड, ब्रोकोली या भाज्या आपल्या फोडणीत उत्तम शिजतात. फोडणी देताना खिडकी उघडावी आणि धूर खेचणारा पंखा लावावा. गोठवलेले वाटाणे, फरसबी, पालक हे ताज्या भाजीपेक्षा पोषणात उणे नसतात. साधे, बिनसाखरेचे दही घ्यावे. फळांचे दही म्हणून मिळते त्यात पुष्कळ साखर असते. सकाळी दुधात घालून खायच्या तयार धान्यांचेही तेच.

मांसाहारी वाचकांना मासे, अंडी, कोंबडी यांची अडचण पडत नाही. अंडे मात्र पूर्ण शिजलेले असावे. पासष्टीच्या पुढे थंड मांसाचे तयार काप, कच्चे वा केवळ धुरी दिलेले मासे, न तापवलेल्या दुधाचे मऊ चीज आणि कच्ची मोडाची धान्ये टाळावीत. त्यांतील जंतू तरुणांना फारसे बाधले नाहीत तरी वृद्धांना गंभीर आजार करू शकतात.

कवळी असणाऱ्यांना कडक कवचाचा पाव आणि मोठ्या फोडींचे कच्चे सॅलड त्रासदायक होते. भाज्या वाफवून घ्याव्यात, पाव सूपमध्ये बुडवून खावा. दातांची कामे निघण्यापूर्वीच उरकावीत. प्रवासी विम्यात ती बहुधा नसतात.

बद्धकोष्ठतेचे कारण बहुतेक वेळा अन्नापेक्षा पाण्यात असते. थंडीत तहान लागत नाही, घरातील उष्ण हवा कोरडी असते, आणि वारंवार लघवीला जावे लागेल या भीतीने बाहेर पडताना पाणी पिणे टाळले जाते. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर दिवसभरात सहा ते आठ पेले पाणी, त्यात गरम पाणी, पातळ ताक, सार धरून, मोजून प्यावे. उपाहारगृहात पाण्यात बर्फ घालतात. बर्फ नको म्हणून आधीच सांगावे. अमेरिकेत वाढप फार मोठे असते. निम्मे खाऊन उरलेले डब्यात बांधून घरी नेणे तेथे अगदी रूढ आहे. त्यात कमीपणा मानू नये. घरात हाताने जेवावे, बाहेर चमचा वापरावा. काटा-सुरी जमली नाही म्हणून कोणी हसत नाही.

यांपैकी बहुतेक पदार्थ परके वाटतील. पण एक गंमत सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये युरोपातील दुकानांत द्राक्षांच्या खोक्यावर ‘भारत’ असे लिहिलेले आढळले, तर ती आपल्या निफाड-दिंडोरीकडची असण्याचा पुष्कळ संभव आहे. मधुमेहींनी अभिमान पोटभर बाळगावा, द्राक्षे मात्र मोजून दहा-बारा खावीत.

शिळे म्हणून फेकावे का?

ज्येष्ठांची सर्वांत मोठी नाराजी असते ती शिळ्या अन्नाविषयी. मुले रविवारी चार भाज्या करून आठवडाभर खातात, हे पाहून आजीचा जीव कासावीस होतो. येथे दोन्ही बाजूंनी थोडे सरकणे आवश्यक आहे. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले आणि फ्रीजचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असले, तर भाजी-आमटी तीन ते चार दिवस सुरक्षित राहते. भात मात्र लवकर थंड करून एका दिवसात संपवावा. खाताना वाफा येईपर्यंत पूर्ण गरम करावे आणि एकदा गरम केलेले पुन्हा ठेवू नये. चार दिवसांच्या पुढचे हवे असेल तर ते आधीच गोठवून ठेवावे. हे नियम पाळले तर ते अन्न बाधत नाही. तरीही ताज्या अन्नावाचून ज्यांचा घास उतरत नाही, त्यांच्यासाठी रोज एक गोष्ट ताजी असावी, मग ती वाटीभर वरण का असेना.

उपवास आणि तेथील चंद्र

संकष्टी चतुर्थी धरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चंद्रोदयाची वेळ स्थानाप्रमाणे बदलते. लंडनमध्ये जूनमध्ये सूर्यच रात्री नऊनंतर मावळतो आणि चतुर्थीचा चंद्र दिसायला मध्यरात्रीच्या आसपासची वेळ होऊ शकते. नाशिकमध्ये साडेनऊला सुटणारा उपवास तेथे तीन तासांनी लांबतो. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला ही गोष्ट जिवावर बेतू शकते. प्रवासात, आजारपणात आणि वार्धक्यात व्रताचे नियम शिथिल करण्याची मोकळीक आपल्या परंपरेनेच दिलेली आहे. मधुमेहींनी उपवास फराळावर करावा, औषध बदलून घेऊन करावा किंवा त्या काळापुरता सोडावा. केवळ साबुदाण्यावर दिवस काढणे मधुमेहीला येथेही योग्य नाही आणि तेथेही नाही.

औषधांशी न जुळणारे पदार्थ

परदेशात न्याहारीला ग्रेपफ्रूट नावाचे फळ किंवा त्याचा रस असतो. आपल्या पपनसाचा हा भाऊबंद. कोलेस्टेरॉलसाठीच्या सिमव्हास्टॅटिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रक्तदाबाच्या निफेडिपिनसारख्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण त्याने वाढते. या गोळ्या चालू असतील तर हे फळ टाळावे, संत्रे चालते. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी केल, पालक, ब्रोकोली यांचे प्रमाण एकाएकी वाढवू नये आणि एकाएकी बंदही करू नये. थायरॉइडची गोळी तेथेही रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तींमध्ये ब १२ जीवनसत्त्व कमी असण्याचा संभव असतो. निघण्यापूर्वी ते तपासून घ्यावे.

पिशवीत काय न्यावे

मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या, आपला चिवडा अवश्य न्यावा. त्याने पहिले पंधरा दिवस सुसह्य होतात. परंतु प्रत्येक देशाचे नियम निराळे आहेत. ताजी फळे, भाज्या आणि मांसाचे पदार्थ अमेरिकेत नेऊ नयेत. ऑस्ट्रेलियात नियम फार कडक आहेत. बियाणे, दुधाचे पदार्थ यांसह जवळचे सर्व खाद्य अर्जात लिहावे, न लिहिल्यास दंड होतो. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर येथे खसखस निषिद्ध आहे. अनारशांवरील आणि घरच्या मसाल्यातील खसखसही त्यात आली, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मुलांसाठी चार शब्द

परदेशात आई-वडिलांचे स्वागत करणाऱ्या मुलामुलींनो, तुम्ही प्रेमात कमी पडत नाही. कमी पडतो तो वेळ. म्हणून काही गोष्टी आधीच लावून ठेवाव्यात. स्वयंपाकघरातील एक फळी आणि फ्रीजमधील एक कप्पा त्यांच्या नावाचा करावा. त्यातील काहीही विचारल्याशिवाय घेता येईल असे सांगावे. डब्यांवर मराठीत नाव व तारीख लिहावी. शेगडी, मायक्रोवेव्ह आणि केटली स्वतः उभे राहून दोन-तीनदा वापरून घ्यावी. दुपारचे जेवण त्यांच्या हाताशी असावे आणि एक वाजता एक फोन व्हावा : ‘‘आई, जेवलीस का? काय जेवलीस?’’ दुसरा प्रश्न विसरू नये. जर्मनीसारख्या देशात रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारीच भाजी, दूध, दही भरून ठेवावे.

रात्रीचे जेवण आठवड्यातून काही दिवस तरी एकत्र व्हावे. एकट्याने जेवणारा माणूस कमी जेवतो, हे वृद्धांच्या बाबतीत हमखास दिसते. तुमच्या गावात महाराष्ट्र मंडळ असेल तर त्यांना तेथे न्यावे. लंडनचे मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. समवयस्कांच्या सोबतीत घेतलेला एक चहा भूक वाढवणाऱ्या औषधाहून अधिक गुणकारी ठरतो.

दर रविवारी त्याच काट्यावर वजन घेऊन वहीत लिहावे. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्के घट, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीत तीन किलो, कारणाशिवाय झाली तर ती वयाची खूण समजू नये, डॉक्टरांना दाखवावे. जेवणावरची वासना उडणे, बोलणे कमी होणे, झोप मोडणे ही तिन्ही एकत्र दिसली तर मनाची उदासी असू शकते. तिच्यावर उपचार आहेत आणि ते लवकर सुरू करावेत.

निघण्यापूर्वी एका कागदावर आपले आजार, औषधांची मूळ नावे व मात्रा, जेवणाच्या वेळा आणि वजन लिहून घ्यावे. एक प्रत स्वतःजवळ, एक मुलांजवळ ठेवावी. परतल्यावर तोच कागद आणि वजनाची वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. परदेशातील एखादी सवय मानवली असेल, सकाळचे ओट्स म्हणा किंवा संध्याकाळी सातचे जेवण म्हणा, तर ती येथेही खुशाल चालू ठेवावी.